सात जणांचा वर्ग

सांग्याच्या बाजारावरून चढण चढलं की आमचं कॉलेज,
आणि कॉलेजच्या अगदी टोकाला,
सायकलस्टँड संपतो तिथं, राज्यशास्त्र.
सात जण. जॉसिंता आली नाही तर सहा.

शिरवईकर सर म्हणतात, दहा तरी हवेत.
पुढच्या वर्षी नाही मिळाले
तर ही खोली भूगोलाला जाईल.
ते फळ्यावर राज्याचे घटक लिहितात,
लोकसंख्या, भूप्रदेश, शासन, सार्वभौमत्व,
आणि लोकसंख्येखाली दोनदा रेघ मारतात.
आम्ही हसतो.
सर खडू शोधत बसतात, हातातच असलेला.

पुस्तक इंग्रजी. सर समजावतात कोंकणीतून.
मी उतरवून घेते मराठीत,
कारण अक्षरं मी गिरवली ती
आईच्या भजनाच्या वहीवरून.
पेपरात पुन्हा इंग्रजी.
एवढ्या फेऱ्यांत एखादा मुद्दा वाटेत उतरून जातो,
कदंबातून उतरावा तसा, न सांगता.

सामूहिक इच्छा म्हणजे नुसती बेरीज नव्हे,
हे सरांनी तीनदा सांगितलं.
मग काय, ते सांगायच्या आत घंटा झाली.

प्रकल्प असा: आपापल्या ग्रामसभेला जा,
बघा, लिहून आणा. वीस गुण.

रविवारी पंचायतीच्या हॉलमध्ये
खुर्च्या कमी पडल्या, ही पहिली नोंद.
सेक्रेटरीच्या मदतनिसाला ताप,
म्हणून त्यांनी मलाच पुढं ओढलं.
राजकारण शिकतेस ना तू? मग मोज.
राज्यशास्त्र, मी म्हटलं.
पंख्याच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

विषय एकच होता. खाण.

आमचा टिपर घरामागं नऊ वर्षं उभा आहे.
टायर मातीत रुतलेत,
आणि आईनं लावलेला दुध्या भोपळा
हौद्यावर चढून पार टपापर्यंत गेलाय.
बाबा दर महिन्याला वेल बाजूला सारून
इंजिन चालू करून बघतात.
आई काही म्हणत नाही.
खाण बंद पडल्याच्या तिसऱ्या वर्षी
कुळागराची झर परत वाहू लागली,
त्यावरही ती काही म्हणाली नव्हती,
फक्त कळशी घेऊन गेली.

जांकां जाय, तांणी हात वयर करचे.

मी रांगेरांगेनं मोजत गेले.
बाबांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग हात वर केला,
सरळ, कोपर कानाला लावून,
शाळेतल्या मुलासारखा.
अडतीस, मी म्हटलं, आणि पुढं सरकले.

मग नको म्हणणाऱ्यांचे हात.
बायकांच्या बाजूला, खांबाजवळ,
आईचा हात खांद्यापर्यंत आला
आणि तिथंच थांबला.
केस सारखे करायला उचललेला असावा तसा.
अर्धा हात कसा मोजायचा
हे कुठल्याच प्रकरणात नाही.
मी शेजारच्या रांगेवर गेले, परत आले.
तो तिथंच होता.

बाजूनं चौऱ्याऐंशी.
विरोधात सत्तावन्न,
किंवा छप्पन्न आणि आई.

माझ्या दोन्ही हातांत वही आणि पेन होतं.
मला कुणी विचारलं नाही
आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं.

ठराव पणजीला गेला. तिथून अजून काही नाही.
त्या रात्री जेवायला भोपळ्याचीच भाजी होती,
टपावरच्या.
बाबांनी दोनदा वाढून घेतली.
मी प्रकल्पात लिहिलं: सभा शांततेत पार पडली.

सोमवारी लवू वेळीप आपल्या मावसभावाला घेऊन आला.
तो मागच्या बाकावर बसला, खिडकीकडच्या,
कारण मोबाइल चार्ज करायचा पॉइंट तिथंच आहे.
सरांनी त्याला नाव विचारलं,
गाव विचारलं,
बारावीला किती ते विचारलं नाही.
मग अख्खा फळा पुसून
पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं:
लोकसंख्या.